जुलाब थांबले, कॅप्सूल मात्र सुरूच

एका ताईंचा प्रश्न असा: घसा धरला म्हणून त्यांना सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं होतं. तिसऱ्या दिवसापासून जुलाब लागले. डॉक्टरांनी जोडीला प्रोबायोटिकची कॅप्सूल दिली आणि चार-पाच दिवसांत पोट ताळ्यावर आलं. याला चार महिने झाले. कॅप्सूल अजून रोज चालू आहे, कारण बंद केली तर पोट पुन्हा बिघडेल अशी धास्ती वाटते. डबीवर ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’ असं छापलंय. घरात सासऱ्यांची केमोथेरपी चालू आहे आणि चार वर्षांच्या मुलाला अधूनमधून जुलाब होतात. तर हीच कॅप्सूल त्या दोघांना द्यावी का, आणि स्वतः कायम घेत राहावी का?

ताई, आधी सासऱ्यांचं सांगतो. बाकीचं उद्यावर टाकता येईल, हे नाही. त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय त्यांना ही कॅप्सूल देऊ नका. एखाददुसरी दिली गेली असेल तर घाबरू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. ताप आला किंवा थंडी वाजली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि कॅप्सूल दिली होती हे तिथे आवर्जून सांगा.

त्यामागचं कारण सोपं आहे. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू. तुमच्या-माझ्या आतड्याचं अस्तर शाबूत असतं, आणि त्यातून एखादा जंतू निसटून रक्तात गेलाच तर पांढऱ्या पेशी त्याचा फडशा पाडतात. केमोमध्ये या दोन्ही गोष्टी एकदम ढिल्या पडतात. औषधानं आतड्याचं अस्तर सोलवटतं, आणि डोसनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत एरवी निरुपद्रवी असलेला लॅक्टोबॅसिलसही रक्तात उतरून जंतुदोष करू शकतो. असे रुग्ण थोडे असतात, पण नोंदलेले आहेत. त्यात छातीत पोर्ट किंवा सेंट्रल लाइन, म्हणजे औषध थेट मोठ्या शिरेत सोडणारी नळी, बसवलेली असेल तर आणखी एक वाट उघडी राहते, आणि ही वाट पोटातून जातच नाही.

ती वाट मी फार जवळून पाहिली आहे. अतिदक्षता विभागात सकाळचा राउंड चालू होता. रुग्णाच्या मानेत सेंट्रल लाइन होती आणि जुलाबांसाठी यीस्टची, म्हणजे प्रोबायोटिक म्हणून देतात त्या एका बुरशीची, पुडी लिहिलेली होती. सिस्टरांनी खाटेशेजारच्या टेबलावरच पुडी फाडून ग्लासात ओतली. खिडकीतून आलेल्या उन्हात ती पिठी तरंगताना दिसत होती. बघता बघता ती टेबलावर, चादरीवर आणि लाइनच्या तोंडावर, जिथे सिरिंज जोडतात तिथे, बसली. मी त्या निळ्या टोपणावरून बोट फिरवलं तर हातमोज्याला पांढुरका थर लागला. त्या रुग्णाला पुढे काही झालं नाही. पण त्या पिठीच्या चिमटीत कोट्यवधी जिवंत पेशी होत्या आणि ती लाइन थेट हृदयाजवळच्या शिरेत उघडत होती. त्या दिवसापासून आमच्याकडे सेंट्रल लाइन असलेल्या रुग्णाच्या खोलीत अशी पुडी फोडायची नाही असं ठरलं. सॅक्रोमायसिस बुलार्डी नावाच्या या यीस्टमुळे रक्तात बुरशीचा संसर्ग झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीनं २०१७ मध्ये नेमकं हेच बजावलं: अत्यवस्थ, प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा सेंट्रल लाइन असलेल्या रुग्णाला हे देऊ नये, आणि त्यांच्या जवळपास पुडी उघडूही नये. म्हणून तुमची स्वतःची कॅप्सूलसुद्धा सासऱ्यांच्या खोलीत फोडू नका, आणि त्यांच्या ड्रेसिंगला हात लावण्याआधी साबणानं हात धुवा.

नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका चाचणीचा धडा आमच्या पिढीतल्या पोटाच्या डॉक्टरांना विसरता येत नाही. स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या सुमारे ३०० रुग्णांपैकी निम्म्यांना सहा वाणांचं प्रोबायोटिक नळीतून दिलं. संसर्ग टळतील अशी आशा होती. संसर्ग कमी झाले नाहीत. उलट प्रोबायोटिक मिळालेल्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ६ टक्के. नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, दुसऱ्या गटात तसं एकालाही झालं नाही. ‘पोटाचे चांगले जंतू, त्यांनी काय नुकसान होणार’ असं कुणी म्हटलं की मला हे आकडे आठवतात. निरोगी माणसाला जे सहज पचतं ते खूप आजारी माणसाला पचेलच असं नाही.

आता तुमचं स्वतःचं. कॅप्सूल बंद करा. डोस हळूहळू कमी करत नेण्याची गरज नाही, उद्यापासून घेतली नाही तरी चालेल.

तुम्हाला जे झालं ते समजून घेतलं तर धास्ती कमी होईल. मोठ्या आतड्यातले जंतू अन्नातला न पचलेला चोथा आंबवून त्यापासून काही आम्लं तयार करतात. या आम्लांच्या जोरावर आतडं पाणी शोषतं. अँटिबायोटिक घशातल्या जंतूंना मारताना यांनाही मारतं. मग चोथा तसाच राहतो, पाणी धरून ठेवतो आणि जुलाब होतात. अँटिबायोटिक थांबलं की उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि बहुतेकांचं पोट काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, आपोआप जागेवर येतं. तुमचे जुलाब तिसऱ्या दिवशी लागले, कॅप्सूल त्यानंतर आली आणि चार-पाच दिवसांत आराम पडला. म्हणजे तेव्हा तुमचं सात दिवसांचं अँटिबायोटिकही संपत आलं होतं. कॅप्सूलनं हातभार लावला असेल, मी नाकारत नाही. पण सगळं श्रेय तिला देता येत नाही, आणि आज तुमचं पोट ठीक आहे ते तिच्यामुळे नक्कीच नाही.

हे इतक्या ठामपणे सांगतो कारण बाहेरून घेतलेले हे जंतू पोटात घर करत नाहीत. घेत राहाल तोवर शौचात सापडतात आणि बंद केल्यावर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकांच्या पोटातून नाहीसे होतात. एका माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा अंदाज आहे. कॅप्सूलमध्ये हजार कोटी असले तरी मूळ वस्तीच्या मानाने ते दर ३८०० मागे एक. त्या दाटीत नवख्यांना जागा मिळणं अवघडच.

आणखी एक गोष्ट मला जास्त विचारात पाडते. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये निरोगी माणसांना अँटिबायोटिक देऊन काहींना ११ वाणांचं प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच दिलं नाही, आणि दुर्बिणीनं थेट आतड्यात जाऊन पाहिलं. काहीच न घेतलेल्यांची मूळ जंतुवस्ती लवकर परतली. प्रोबायोटिक घेतलेल्यांची महिनोन्‌महिने रखडली. अभ्यास छोटा होता आणि एकाच मिश्रणावर झाला होता, त्यावरून सगळ्यांना एका मापानं मोजता येणार नाही. तरीही ‘चांगले जंतू भरून काढायला’ म्हणून महिनोन्‌महिने कॅप्सूल लिहून देण्याची सवय मी त्यानंतर सोडली.

मग प्रोबायोटिक निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. मी आजही लिहून देतो. पण नेमक्या तक्रारीसाठी, नेमका वाण आणि नेमक्या मुदतीपुरतं.

वाण हा शब्द मुद्दाम वापरतोय. बियाण्यात पीक एकच असलं तरी वाणावाणात जमीन-अस्मानाचा फरक असतो, एक दुष्काळात तग धरतो आणि दुसरा करपतो. इथेही तसंच आहे. ‘लॅक्टोबॅसिलस’ हे घराण्याचं नाव, ‘ऱ्हॅम्नोसस’ ही जात आणि ‘जीजी’ हा वाण. अभ्यास होतो तो वाणाचा, त्यामुळे गुणही त्या वाणाचाच धरायचा. डबी हातात घ्या, पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. नाव तिसऱ्या शब्दापर्यंत किंवा आकड्यापर्यंत पोचत नसेल, नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस मिश्रण’ असं लिहिलं असेल, तर त्या डबीबद्दल कुणीच काही खात्रीनं सांगू शकणार नाही, मीसुद्धा नाही. नावं बदललेली दिसली तर बुचकळ्यात पडू नका. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलसचं मोठं घराणं फोडून त्याची २५ घराणी केली. त्यामुळे तोच ऱ्हॅम्नोसस आता ‘लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ म्हणून छापला जातो. वाणाचं नाव तेच राहिलंय, तेवढं जुळवून बघा.

पुढे आकडा बघा. सीएफयू म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत जंतूंची संख्या. १ बिलियन म्हणजे १०० कोटी. ही संख्या कधीची आहे ते महत्त्वाचं. ‘उत्पादनाच्या वेळी’ असं लिहिलं असेल तर तुमच्या हातात येईपर्यंत किती जिवंत उरले ते कळायला मार्ग नाही. ‘वापराच्या अंतिम तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं घ्यावं. फ्रिजमध्ये ठेवा असं म्हटलं असेल तर दुकानातही ती डबी फ्रिजमध्येच होती का ते विचारा. काचेच्या कपाटात महिनाभर उन्हात राहिलेल्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा मेलेले जंतूच उरतात. संख्या जास्त म्हणजे औषध भारी, असंही समजू नका. ज्या वाणाचा अभ्यास ज्या डोसला झाला, तोच डोस खरा.

पुरावा सगळ्यात भक्कम कुठे आहे तर नेमका तुमच्याच प्रसंगात, म्हणजे अँटिबायोटिकसोबत. लहान मुलांवरच्या ३३ चाचण्या, ६००० हून जास्त मुलं, यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं २०१९ मध्ये काढला. प्रोबायोटिक न घेतलेल्या १०० मुलांपैकी १९ जणांना जुलाब झाले, घेतलेल्यांपैकी ८ जणांना. रोजचा डोस ५०० कोटी किंवा त्याहून जास्त असला तरच हा फायदा ठळक दिसतो. त्यात मुख्यतः दोन नावं पुढे येतात, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि ते यीस्ट, सॅक्रोमायसिस बुलार्डी. रुग्णालयात दाखल असलेल्या मोठ्या माणसांमध्ये क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या हट्टी जंतूचे जुलाब टाळायलाही काही वाण उपयोगी पडतात, मात्र जिथे या जंतूचा धोका मुळातच जास्त आहे तिथेच. बुलार्डी यीस्टमध्ये तर या जंतूचं विष तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं.

पण इथेही सरसकट नाही. ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरच्या जवळजवळ ३००० रुग्णांना चार वाणांचं मिश्रण रोज ६००० कोटींच्या डोसनं २१ दिवस दिलं. जुलाब झाले दोन्ही गटांत जवळपास सारखेच, दहा टक्क्यांच्या किंचित वर. डोस दांडगा होता, वाण मात्र निराळे होते.

पुढच्या वेळी अँटिबायोटिक घ्यायची वेळ आली आणि पूर्वीचा अनुभव म्हणून डॉक्टरांनी प्रोबायोटिक दिलं, तर ते पहिल्या दिवसापासून घ्या, निदान पहिल्या दोन दिवसांत तरी. जुलाब लागल्यावर सुरू करून फारसं हाती लागत नाही. जिवाणूंची कॅप्सूल असेल तर अँटिबायोटिक आणि तिच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर पोटात दोघांची गाठ पडते आणि कॅप्सूल फुकट जाते. यीस्टला हा नियम लागू नाही, अँटिबायोटिक यीस्टला मारत नाही. मात्र बुरशीवरची औषधं, फ्लुकोनाझोलसारखी, चालू असतील तर ती यीस्टला मारतात. पुडी गरम पाण्यात किंवा चहात मिसळू नका. अँटिबायोटिक संपल्यावर आठवडाभर, फार तर दोन आठवडे घ्या आणि थांबा. पहिले तीन-चार दिवस पोटात गॅस धरतो, गुडगुडतं, ते आपोआप कमी होतं. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा धाप लागली तर ताबडतोब बंद करून डॉक्टर गाठा. काही कॅप्सूलमध्ये दुधातल्या प्रथिनांचा अंश राहतो, दुधाची ॲलर्जी असणाऱ्यानं ते आधीच तपासावं.

ज्यांचं पोट वर्षानुवर्षं कुरकुरतं, कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, मध्येच कळ, म्हणजे आम्ही ज्याला आयबीएस म्हणतो, त्यांच्याबाबत तज्ज्ञांमध्येच एकमत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये संशोधनाबाहेर प्रोबायोटिक सुचवायला नकार दिला. ब्रिटनमधल्या संघटनेनं २०२१ मध्ये म्हटलं की घेऊन बघायचं तर १२ आठवड्यांपर्यंत बघा, फरक पडला नाही तर सोडून द्या. मी या दुसऱ्या मताचा आहे. कॅलेंडरवर सुरू केल्याची तारीख लिहून ठेवायला सांगतो. तारीख लिहिली नाही की १२ आठवड्यांची चार वर्षं होतात.

डबीवरच्या ‘रोगप्रतिकारशक्ती’बद्दल. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे असे दावे ढिगानं आले. पुरावा पुरेसा नाही म्हणून ते जवळपास सगळे फेटाळले गेले. विरजणातले जिवंत जंतू दुधातली साखर पचवायला मदत करतात, एवढा एक दावा तिथे मान्य झाला. पूरक आहार म्हणून विकलेल्या वस्तूला औषधाइतकी कसोटी बहुतेक देशांत द्यावी लागत नाही, त्यामुळे डबीवर काय छापलंय यापेक्षा त्या वाणाचा अभ्यास कुणावर झाला ते विचारायचं. आणि सासऱ्यांची प्रतिकारशक्ती केमोनं खालावलीये म्हणून तुम्हाला ही कॅप्सूल सुचली असेल, तर ती माया मला समजते. पण नेमक्या त्याच कारणासाठी ती त्यांना द्यायची नाही.

आता लेकराचं. जुलाब झालेल्या मुलाला पहिल्यांदा पाणी आणि मीठ-साखर भरून द्यायचं, म्हणजे जलसंजीवनी. घोटघोट, दर पातळ शौचानंतर, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. जोडीला झिंक, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. खाणं बंद करायचं नाही. प्रोबायोटिकबद्दल बरीच वर्षं आम्हाला वाटत होतं की जुलाब एखादा दिवस लवकर थांबतात. २०१८ मध्ये अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ लहान मुलांवर दोन काटेकोर चाचण्या झाल्या, अमेरिकेतल्या चाचणीत तर तोच नावाजलेला जीजी वाण होता. कशातच फरक दिसला नाही. निरोगी मुलाला दिल्यानं अपाय होण्याची शक्यता फार कमी, हे खरं. पण कॅप्सूल दिली म्हणून आई निश्चिंत होते आणि जलसंजीवनीचा ग्लास तसाच राहतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मूल सुकतं ते त्यानं.

शिवाय ‘अधूनमधून’ या तुमच्या शब्दाशी मी थोडा थांबलो. चार वर्षांच्या मुलाला पुन्हा पुन्हा जुलाब होत असतील तर ते का होतात ते शोधायला हवं. फळांचा डबाबंद रस जास्त पोटात जातोय का, दूध प्यायल्यावर होतं का, शौचात जिआर्डिया हा परजीवी आहे का, गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास आहे का. वजन आणि उंची वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या. वजन नीट वाढतंय आणि मूल खेळतंय तर काळजीचं कारण थोडं. रेषा खाली झुकली असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच जा.

तुमच्या घरी लागू नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला लागू असेल म्हणून सांगतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला घरच्या घरी प्रोबायोटिक कधीही देऊ नका. नवजात अतिदक्षता विभागात आतडं सडण्याच्या एका भयंकर आजारापासून बचाव म्हणून काही डॉक्टर ते देतात, आणि त्याला आधारही आहे. पण २०१४ मध्ये अमेरिकेत अशाच एका बाळाचा मृत्यू झाला. त्याला दिलेल्या भुकटीत बुरशी मिसळली गेली होती. २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं अशा बाळांसाठी पुन्हा इशारा दिला. ज्यांचं लहान आतडं शस्त्रक्रियेत बरंचसं काढलंय, हृदयात कृत्रिम झडप आहे, अवयव प्रत्यारोपण झालंय किंवा स्टिरॉइडचे मोठे डोस चालू आहेत, त्यांनीही आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं.

कॅप्सूल बंद केल्यावर पहिला आठवडा शौचात थोडाफार फरक वाटला तर चालेल. रोजच्या जेवणात चोथा वाढवा, भाज्या, कडधान्यं, फळं सालासकट. तुमच्या आतड्यातल्या मूळ जंतूंचं तेच अन्न. एकदम वाढवलं तर पोट फुगेल, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. मात्र दिवसातून तीनपेक्षा जास्त पाण्यासारखे जुलाब, ताप, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा वजन घटणं यातलं काही झालं तर पुन्हा कॅप्सूलकडे वळू नका, तपासणी करून घ्या. अँटिबायोटिकनंतर महिना-दोन महिन्यांनीसुद्धा तो डिफिसिल जंतू डोकं वर काढू शकतो. त्याची शौचाची चाचणी वेगळी असते आणि ती मागितल्याशिवाय होत नाही. डॉक्टरांना ‘मध्यंतरी मी अँटिबायोटिक घेतलं होतं’ हे वाक्य आधी सांगा.

आणि पुढच्या वेळी सासऱ्यांना केमोसाठी नेताना घरात असलेल्या सगळ्या पूरक गोळ्यांच्या डब्या एका पिशवीत घालून सोबत न्या, त्यांच्या डॉक्टरांसमोर ठेवा. नुसत्या नावावरून त्यांना काही सांगता येणार नाही, मागची बारीक अक्षरं त्यांनाही वाचावी लागतील.